जुन्या मोटारीचा जमाखर्च : प्रस्तावना

जुनी मोटार विकत घ्यावी, ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी आणि त्या योगे चार पैसे गाठीला ठेवावेत, असा संकल्प सोडणारे गृहस्थ आपल्याकडे पूर्वी पुष्कळ होते, आणि नव्या मोटारी हप्त्यांवर दारात येऊन उभ्या राहण्याच्या आजच्या काळातही त्यांची संख्या समजतात तितकी घटलेली नाही. परंतु या संकल्पाच्या मुळाशी जी समजूत असते ती बहुधा चुकीची असते, आणि प्रस्तुत पुस्तक लिहिण्याचे मुख्य प्रयोजन ती समजूत दूर करणे हेच आहे. समजूत अशी की, दुरुस्तीच्या खर्चातील मोठा हिस्सा मिस्त्रीच्या मजुरीचा असतो, सबब मिस्त्रीला रजा दिली की खर्च आपोआप निम्म्यावर येईल.

ही समजूत परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आली असावी, असा माझा तर्क आहे. इंग्लंडात जॉन हेन्स यांनी १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीसाठी आपली पहिली दुरुस्ती-पुस्तिका काढली, आणि एखादी गाडी संपूर्ण खोलून पुन्हा जोडावी व त्या कृतीची छायाचित्रे पायरीपायरीने छापावीत, या त्यांच्या शिरस्त्यावर पुढे एक मोठा ग्रंथव्यवहार उभा राहिला. त्या देशात कारागिराची मजुरी तासावर मोजली जाते आणि ती जबर असते. त्यामुळे रविवारी अंगणात गाडीखाली शिरणारा कारकून तेथे खरोखरच पैसे वाचवतो. आपल्याकडे प्लग साफ करून, पॉइंट घासून, टॅपेट लावून देणाऱ्या मिस्त्रीची मजुरी आणि त्याच गाडीच्या एका नव्या कार्ब्युरेटरची किंमत शेजारी शेजारी मांडून पाहावी, म्हणजे खर्चाचे पारडे कोणीकडे झुकते ते कोणाच्याही ध्यानात येईल. मिस्त्रीचे दोन तास वाचवण्यासाठी स्वतःचा अख्खा रविवार आणि पान्यांचा नवा संच खर्ची घालणारा मनुष्य किफायत करीत नसतो; तो छंद करीत असतो. छंदाला माझा विरोध नाही, मात्र त्याची नोंद बचतीच्या रकान्यात करू नये.

मग जुन्या मोटारीवर पैसा जातो कोठे? जितका मी पाहिला आहे त्यावरून सांगतो की, त्याचा फार मोठा भाग धडधाकट भाग काढून त्यांच्या जागी नवे बसवण्यात जातो. गाडी पिकअप घेत नाही म्हणून कार्ब्युरेटर बदलला जातो, त्याने भागले नाही म्हणून पेट्रोलपंप, त्यानेही नाही म्हणून कॉइल. आणि अखेर डिलकोतील एक क्षुल्लक किमतीचा कंडेन्सर बदलल्यावर गाडी सुरळीत चालू लागते. तोवर मालकाच्या खिशातून कंडेन्सरच्या कितीतरी पट रक्कम गेलेली असते, आणि काढलेले तीनही जिन्नस उत्तम स्थितीत गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेले असतात. यात मिस्त्री लबाड असतो असे मुळीच नाही. आपल्या समाजाने त्याला भाग बसवण्याची मजुरी देण्याचा प्रघात पाडला, विचार करण्याची मजुरी देण्याचा पाडला नाही. त्याने तासभर कान देऊन, तारा तपासून, ‘काही बदलण्याची गरज नाही’ असा निर्वाळा दिला, तर त्या तासाचे पैसे त्याला कोण देतो? त्याचे घर भाग बदलण्यावर चालते, म्हणून तो भाग बदलतो. तेव्हा या पुस्तकाचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे: दुरुस्ती पाहिजे तर दुसऱ्याकडून करवून घ्यावी, पण निदान मालकाने स्वतः करावे.

भाग बदलत राहण्याची ही पद्धत आपल्याकडे कशी रुजली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ साली मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. फोर्डचाही तसाच उद्योग या शहरात चालू होता. पेट्यांतून सुटे भाग यावेत, येथे ते जोडावेत आणि गाडी विकावी, असा तो मामला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली तेव्हा त्यांच्यापुढे ध्येय निराळे होते. गाडी येथे घडावी, नुसती जुळू नये, असा त्यांचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने हेच धोरण पत्करले, आणि ज्या कंपन्यांना भाग येथे घडवण्याची योजना मान्य नव्हती त्यांनी १९५४ पर्यंत आपला गाशा गुंडाळला. उरले ते कलकत्त्याजवळचे हिंदुस्थान मोटर्स, मद्रासचे स्टँडर्ड आणि कुर्ल्याचे प्रीमियर. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली, १९६४ साली तिचा ‘डिलाइट’ हा अवतार आला, आणि १९७४ पासून तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने रस्त्यावर वावरू लागली. ज्या इटलीत हे घराणे जन्मले तेथे त्याचे उत्पादन १९६९ साली थांबले; आपल्याकडे मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पद्मिनी तयार होत राहिल्या.

या सर्व काळात मोटार ही दुर्मीळ वस्तू होती. तिची किंमत सरकार ठरवी, तिच्या वाटपावर १९५९ च्या नियंत्रण आदेशाचा अंमल होता, आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे; याचा एक विचित्र परिणाम असा झाला की, वापरलेली फियाट कित्येकदा कोऱ्या गाडीच्या सरकारी किमतीहून अधिक भावाने विकली जाई. ज्या देशात जुनी गाडी नवीपेक्षा महाग असते, त्या देशात ती मरू देणे कोणालाच परवडत नाही. म्हणून वडिलांची गाडी मुलाकडे आली, मुलाची जावयाकडे गेली, आणि तिला जिवंत ठेवणाऱ्या मिस्त्र्यांची एक मोठी परंपरा गावोगावी उभी राहिली. ही विद्या उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत शिकण्याची, कागदावर न उतरणारी, आणि त्यामुळे उस्तादाबरोबरच संपणारी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी तिला राजाश्रय द्यावा तसा आश्रय दिला. हजारो पद्मिनी रोज रस्त्यावर धावत असल्यामुळे तिचा प्रत्येक लहानमोठा भाग कोठल्या ना कोठल्या गाळ्यात तयार होई आणि स्वस्त मिळे. तो आश्रय आता संपला आहे. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांवर आल्यानंतर शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून निघाली, आणि तेव्हापासून पद्मिनीचे भाग हा किफायतीचा विषय राहिला नसून हौशी संग्राहकांचा होऊ लागला आहे. ज्याला केवळ स्वस्त वाहन हवे असेल त्याने आज पद्मिनीऐवजी मारुती ८०० सारखी गाडी घ्यावी, असे मी स्पष्टच सांगतो. १९८३ च्या डिसेंबरपासून २०१४ पर्यंत ती तयार होत होती, तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन तालुक्याच्या गावीही लोकांना परिचित आहे, आणि तिचे भाग अद्याप मुबलक आहेत. या पुस्तकात मारुतीला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तरी शिकण्यासाठी मी पद्मिनीच पुढे ठेवली आहे, कारण तिचे बॉनेट उघडले की सगळा कारभार डोळ्यांसमोर असतो. पेट्रोल कोठून येते, ठिणगी कोठून निघते, पाणी कोठे फिरते, हे बोटाने दाखवता येते, आणि १०८९ घनसेंटिमीटरच्या त्या लहानशा इंजिनाभोवती हात घालण्यास जागाही असते.

आता निदानाविषयी. मालकाने ते स्वतः करावे असे म्हणण्याला पैशाखेरीज आणखी एक सबळ कारण आहे, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. बिघाड घडतो त्या क्षणी गाडीजवळ हजर असणारा एकमेव साक्षीदार म्हणजे तिचा मालक. वैशाखातल्या दुपारी घाट चढताना गाडी बंद पडते, पंधरा-वीस मिनिटे सावलीत उभी राहिली की काहीच झाले नाही अशा थाटात चालू होते, आणि संध्याकाळी गॅरेजात नेल्यावर मिस्त्रीपुढे इमानेइतबारे सुरू होऊन त्याला निरुत्तर करते. या प्रकारात संशयित बहुधा दोन. एक तर इंजिनाच्या उष्णतेने नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, अथवा कॉइल तापली की आतून दगा देते आणि गार झाली की पुन्हा काम देते. दोहोंचा बाह्य आविष्कार इतका सारखा असतो की गार झालेल्या गाडीवरून त्यांतला भेद मोठमोठ्या जाणत्यांनाही सांगता येत नाही. पण गाडी बंद पडल्या क्षणी, ती गार होण्याच्या आत, एक प्लग काढून तारेला लावला, त्याची बाहेरील बाजू इंजिनाच्या लोखंडाला टेकवली आणि कोणाला तरी सेल्फ मारावयास सांगितले, तर दोन मिनिटांत निकाल लागतो: ठिणगी दिसली तर दोष पेट्रोलच्या बाजूचा, न दिसली तर विजेच्या. (प्लग किंवा तार उघड्या हाताने धरू नये, कोरड्या जाड फडक्याने किंवा लाकडी मुठीच्या चिमट्याने धरावी, आणि आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची आधी खातरजमा करावी.) ही पंधरा मिनिटांची संधी ज्याने साधली त्याला मिस्त्रीकडे जाऊन ‘कॉइल बदला’ असे सांगता येते, ज्याने दवडली त्याच्या गाडीत पेट्रोलपंप, कार्ब्युरेटर आणि कॉइल अशा तिन्हींची उलथापालथ होते.

धुराचेही तसेच. पहाटे रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट निघून लगेच विरत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइडांतून तेल झिरपून आत जमले असावे. चढावर दाबताना निळा धूर सतत येत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले असावेत. पहिल्या प्रकाराला हेड उतरवून भागते, दुसऱ्याला अख्खे इंजिन खोलावे लागते, आणि दोहोंच्या खर्चात अंतर मोठे आहे. गॅरेजात गाडी पोचते ती चांगली तापून, म्हणजे पहाटेचा तो लोट मिस्त्रीच्या दृष्टीस कधी पडतच नाही. त्याला इतकेच सांगितले जाते की ‘गाडी ऑइल खाते’, आणि तो आपल्या समजुतीप्रमाणे पूर्ण इंजिनाचे काम सुचवतो. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमधले पाणी वरचेवर कमी होत असेल, तर हेडचे गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा आणि गाडी त्याच क्षणी थांबवावी. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. ते तापून वाकले की नुसते गॅस्केट बदलून भागत नाही, हेड लेथवर घासून सपाट करून घ्यावे लागते. गाडी तापत असताना ‘एवढा चढ चढू, मग पाहू’ म्हणणाऱ्या माणसाने केलेला खर्च मी इतक्यांदा पाहिला आहे की, काटा तांबड्याकडे सरकू लागला की रस्त्याच्या कडेला उभे राहण्यास लाजू नये, हे वाक्य पुस्तकात तीन ठिकाणी आले आहे आणि छपाईच्या वेळी ते गाळू नये असे मी बजावले आहे.

रिंगा की व्हॉल्व्ह हा वाद मिटवण्याचा सर्वांत पक्का उपाय म्हणजे कॉम्प्रेशनचे मापन. त्यासाठी लागणारे गेज स्वस्त मिळते आणि जन्मभर पुरते. इंजिन गरम करून सर्व प्लग काढावेत, विजेची जोडणी तोडावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरच्या भोकाला गेज लावून सेल्फ मारावा. चारही आकडे जवळजवळ असले तर चिंता नाही. एखादा बराच खाली असला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. तेलामुळे आकडा चढला तर रिंगा गेल्या आहेत, कारण तेलाने त्यांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजवल्या. न चढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. दोन शेजारच्या सिलिंडरांचे आकडे एकदमच पडलेले असले तर मधले गॅस्केट फाटलेले असण्याचा संभव अधिक. या चार आकड्यांचा कागद घेऊन गॅरेजात जाणाऱ्या मालकाशी मिस्त्री निराळ्या सुरात बोलतो, आणि त्याला तसे बोलावयास आवडते, हेही मी पाहिले आहे. चांगल्या कारागिराला जाणते गिऱ्हाईक भेटल्याचा आनंद असतो.

गाडी घेतानाचा विचार मी पुस्तकात इंजिनाआधी पत्र्यापासून सुरू केला आहे. पद्मिनीला आणि तिच्यानंतर आलेल्या बहुतेक सर्व मोटारींना जीपप्रमाणे निराळी चॅसी नसते. तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, चाकांवरील कमानी यांच्याच जोडणीतून गाडीचा सांगाडा तयार होतो. म्हणून खाली गंज लागला की तो केवळ रूपाचा प्रश्न उरत नाही, गाडीच्या हाडांचा होतो. इंजिन बोअर करून वाढीव मापाचे पिस्टन घालता येतात, गिअरबॉक्स दुसरा मिळतो, पण कुजलेला तळ नव्याने उभारणे म्हणजे गाडीच्या किमतीहून अधिक पैसा वेल्डरच्या हवाली करणे. समुद्रकाठच्या गाड्या आणि कोकणातला पाऊस खाल्लेल्या गाड्या या बाबतीत अधिक जोखमीच्या. विकणारा रंग ताजा देऊन आणतो. रंगाखाली लांबी भरली आहे की पत्रा आहे हे ओळखण्यासाठी खिशात एक लहानसे लोहचुंबक ठेवावे, ते पत्र्याला धरते, लांबीला धरत नाही. आतील गालिचा उचलून पाहण्यास मालक हरकत घेत असेल तर तेवढ्यावर सौदा मोडावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य मोटारी छतापर्यंत बुडाल्या. त्यानंतरही आपल्या शहरांत पूर येतच राहिले आहेत, आणि पुरातून निघालेली गाडी धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यात विकण्याचा धंदा काही नवा नाही. डॅशबोर्डाखालच्या तारांच्या जोडांवरील हिरवट गंज, आसनांखालच्या स्प्रिंगांवरील माती आणि हेडलाइटच्या आतील पाण्याची रेषा या तीन गोष्टी धुण्यात सहसा सुटतात.

दप्तरी बाजू कंटाळवाणी असली तरी टाळता येण्यासारखी नाही, म्हणून थोडक्यात. नोंदणी-पुस्तकातील चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः रुजुवात करून पाहावेत. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा दाखला मागावा. नमुना २९ व ३० वर विकणाऱ्याच्या सह्या पैसे देतानाच घ्याव्यात, ‘मागाहून पाठवतो’ या आश्वासनावर विसंबू नये. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी परिवहन कार्यालयात गाडी हजर करून तिचे नूतनीकरण करावे लागते. हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, १ एप्रिल २०२२ पासून ते ५००० रुपये झाले, २०२५ साली २० वर्षांपुढील मोटारींसाठी आणखी चढले, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर निराळा. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर जसे निर्बंध आले तसे सरसकट निर्बंध आपल्याकडे नाहीत, एवढेच समाधान. हा सर्व खर्च गाडीच्या किमतीत आधीच मिळवून मग सौदा ‘स्वस्त’ की कसे ते ठरवावे.

सुट्या भागांचा बाजार हा मात्र रसिकाने पाहण्याचा विषय आहे. मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपासची दुकाने, कुर्ल्याचा भंगारबाजार, पुण्याची नाना पेठ आणि तिथलाच जुना बाजार, यांतून नुसते हिंडले तरी मोटार म्हणजे काय ते अर्धेअधिक कळते. येथे जुने घ्यावे की नवे, असा प्रश्न वरचेवर पडतो. माझा नियम असा की लोखंड जुने चालेल, रबर नवेच पाहिजे. जुन्या गाडीतून काढलेला स्टीअरिंगचा आर्म, दाराचे कुलूप, ब्रॅकेट, हब हे खुशाल घ्यावेत, कित्येकदा ते आजच्या नकली मालाहून सरस निघतात. होज पाइप, पेट्रोलची नळी, पंपाचा डायफ्रॅम, ब्रेकचे कप मात्र कोरे घ्यावेत. पेट्रोलच्या बाबतीत याला आता दुसरेही कारण झाले आहे. इंधनात २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते, भेगाळते, आणि इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. अशा गाडीला इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणे हे काम अल्प खर्चाचे आहे आणि मालकाला दोन पेचकस आणि एक पक्कड यांवर घरी करता येते. याआधीही इंधन असेच बदलले होते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि शिशाच्या आधारावर टिकणाऱ्या जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह-बैठका लवकर झिजू लागल्याची तक्रार तेव्हा सर्वत्र ऐकू येई. हेड उतरवण्याचा प्रसंग आलाच तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. मजुरी एकदाच लागते.

घरी काय करावे आणि काय करू नये याची सीमारेषा माझ्या मते मालकाच्या कौशल्यावर फारशी अवलंबून नाही, ती यंत्रावर अवलंबून आहे. ऑइल बदलणे, प्लग, पॉइंट, टॅपेट, फॅन बेल्ट, रेडिएटर धुणे, किंगपिनला ग्रीस भरणे, वॉटर बॉडी बदलणे, डायनमोचे कार्बन पाहणे, ही सर्व कामे हातपान्यांनी होतात आणि ती घरी करावीत. सिलिंडर बोअर करणे, क्रँक घासणे, हेड सपाट करणे या कामांना शतांश मिलिमीटरचा हिशेब असलेली यंत्रे लागतात. त्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करणारे कारागीर आहेत आणि त्यांच्याकडे काम मापासह लिहून द्यावे. पत्र्याचे वेल्डिंगही जाणत्याकडेच सोपवावे. एक गोष्ट मात्र कोणत्याही कामाआधी: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नये. मजबूत स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावावेत, विटा नव्हेत. वीट भाराखाली पूर्वसूचना न देता फुटते.

जमाखर्चाची वही हे या पुस्तकाचे परिशिष्ट आहे, आणि ते मी सर्वांत काळजीपूर्वक तयार केले आहे. तीत रकाने सहाच: तारीख, किलोमीटर, लक्षण, संशय, प्रत्यक्ष केलेले काम, खर्च. ‘लक्षण’ या रकान्यात गाडी कधी, किती तापलेली असताना, कोणत्या गिअरमध्ये, चढावर की सपाटीवर काय करते एवढेच लिहावे. ‘कार्ब्युरेटर बिघडला’ असे लिहू नये, कारण ते लक्षण नाही, तर्क आहे, आणि त्याची जागा पुढच्या रकान्यात आहे. वर्षभर अशी वही ठेवली की दोन गोष्टी लेखी हाती येतात: आपले किती संशय खरे ठरले, आणि खर्चापैकी किती रक्कम खऱ्या दोषावर पडली. घसारा, विमा, नूतनीकरण आणि स्वतःच्या वेळाची माफक किंमत धरून जर वर्षाची बेरीज त्या गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यापुढे जाऊ लागली, तर भावनेला मुरड घालून गाडी विकावी. घरातील मंडळी हे आधीपासूनच सांगत असतात. वहीमुळे त्यांना आकड्यांचा आधार मिळतो, हा वहीचा एक तोटा म्हणावा लागेल.

पुस्तकाच्या रचनेविषयी एकच खुलासा आवश्यक आहे. अशा पुस्तकांचा प्रघात इंजिनापासून आरंभ करण्याचा. मी ब्रेकपासून केला आहे, आणि काही स्नेह्यांनी तो क्रम उलटा वाटतो असे सुचवूनही बदललेला नाही. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते, त्या पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजतो, गंजाने रबरी कप कापला जातो आणि एके दिवशी पेडल तळापर्यंत जाते; ही साखळी बाहेरून दिसत नाही आणि तिचा आवाजही येत नाही, म्हणजे निदानाच्या ज्या युक्त्या पुढील प्रकरणांत सांगितल्या आहेत त्या येथे उशिराच उपयोगी पडतात. म्हणून या एका बाबतीत लक्षणाची वाट न पाहता दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, ते डब्यावरील प्रत पाहूनच घ्यावे, आणि टाकीत चुकूनही इंजिन ऑइलचा थेंब जाऊ देऊ नये, कारण त्याने सर्व रबर फुगून मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत प्रत्येक कप बदलावा लागतो. ज्याने गाडी नुकतीच घेतली आहे त्याने बाकीचे पुस्तक सवडीने वाचावे, पण ती रस्त्यावर नेण्यापूर्वी पहिले प्रकरण हातात धरून चारही ड्रम उतरवून पाहावेत.